नकाशा नसून पांघरूण

नकाशे काढणाऱ्या माणसाने सुईदोऱ्याच्या भानगडीत पडू नये, हे मला आता पटलेलं आहे. पण पडलाच तर नियमाने पडावं, हे माझं मत अजूनही कायम आहे. घरात ते कुणालाच मान्य नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण सव्वीस वर्षं मोजणी कचेरीत आरेखक म्हणून काढल्यावर माणसाला एकट्यानेच बरोबर असण्याची सवय होते.

सुरुवात झाली ती भिंतीवरच्या एका डागापासून. आमच्या चर्चच्या डाव्या भिंतीवर, बाकांच्या बरोबर वर, ओलीचा एक भलामोठा डाग आहे. तीनदा रंग दिला, तिन्हीदा तो रंग पिऊन पुन्हा वर आला. चर्चला शंभर वर्षं पुरी होणार, बाहेरचे पाहुणे येणार, तेव्हा भिंतभर एखादं कापड लावता येईल का, असं फादरांनी शिवणमंडळाला विचारलं. शिवणमंडळ म्हणजे दर शनिवारी दुपारी चर्चमागच्या हॉलमध्ये जमणाऱ्या सहा बायका. त्यातली एक माझी बायको, आणि सगळ्यांत वयाने मोठी आणि बोलायला कमी ती माझी आत्या. मंडळाने ठरवलं की आपल्या वस्तीचं चित्र करायचं. ज्याने त्याने आपलं घर आपल्या हाताने भरून द्यायचं आणि मंडळाने ते एका मोठ्या कापडावर जोडायचं. कल्पना चांगली होती. ती सहा बायकांवर सोडली असती तर महिन्याभरात पार पडली असती.

पण फादर माझ्याकडे आले. वस्तीचा नकाशा तुमच्याइतका कुणाला पाठ आहे, असं म्हणाले. आता खरं सांगायचं तर आमच्या कचेरीत कुणी कुणाला चांगलं म्हणत नाही, चूक नसली की फाइल पुढे जाते एवढंच. त्यामुळे मी फादरांच्या त्या एका वाक्यावर दोन दिवस तरंगत होतो. बायकोने आठवण करून दिली की तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही. मी म्हटलं, मला शिवायचं नाही, मला मार्गदर्शन करायचं आहे.

मी ताबडतोब प्रमाण ठरवलं. प्रत्यक्षातल्या एका मीटरला कापडावर एक सेंटिमीटर. वस्ती चारशे मीटर लांब, म्हणजे कापड चार मीटर. घरं त्र्याऐंशी. मग एक परिपत्रक काढलं, त्यात अकरा नियम घातले आणि घरोघरी वाटलं. त्यातला पहिला नियम असा होता की जे आहे ते दाखवावे, जे नाही ते दाखवू नये. चौथ्या नियमात म्हटलं होतं की नकाशाशास्त्राप्रमाणे प्रत्येक घर वरून दिसतं तसं भरावं. ह्या चौथ्या नियमावर शिवणमंडळात बंड झालं. आपलं घर वरून कसं दिसतं हे त्र्याऐंशी घरांत कुणालाच माहीत नव्हतं. मी समजावायला गेलो तेव्हा बायको म्हणाली, "घरात माणूस दारातून शिरतो. छपरातून शिरतो तो चोर." सहाही जणी हसल्या. चौथा नियम मी मागे घेतला. रस्ते वरून दिसणार आणि घरं समोरून, असा तो प्रकार झाला. आमच्या कचेरीत असा नकाशा कुणी दिला असता तर त्याची बदली झाली असती.

दुसऱ्याच शनिवारी सकाळी आत्याने आपलं कापड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. सगळ्या वस्तीत तिचं पहिलं तयार झालं होतं. निळं दार, तीन पायऱ्या, आणि खिडकीत नखाएवढं शिवणयंत्र. यंत्राच्या चाकाचे आरेसुद्धा दिसत होते. इतकं सुरेख काम मी पाहिलं नव्हतं आणि मी ते कापड पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिलं. पण त्याचं कारण नुसतं कौतुक नव्हतं.

ते घर आता नाही. अकरा वर्षांपूर्वी कोपऱ्यावरचा रस्ता रुंद झाला, कारण बसला वळायला जागा नव्हती. त्यात एकच घर गेलं, ते आत्याचं. चाळीस वर्षं ती तिथे राहिली, तिथेच शिवणकाम करून तिने मला शिकवलं. आणि कागदावर त्या घरातून जाणारी लाल रेघ मी ओढली होती. रेघ वरून ठरून आली होती, मी फक्त पट्टी धरली, बसला वळायला जागा नव्हती, हे सगळं मी आत्याला तेव्हा सांगितलं आणि नंतरही पुष्कळदा सांगितलं. गंमत अशी की तिने एकदाही विचारलं नव्हतं. ती शिवणयंत्र आणि दोन ट्रंका घेऊन आमच्या मागच्या खोलीत राहायला आली, ती आलीच.

मी घसा साफ केला आणि तिला पहिला नियम सांगितला. म्हटलं, "आत्या, पण हे घर आता तिथे नाही."

"मला माहीत आहे," आत्या म्हणाली. "मी राहत होते तिथे."

तिने कापडाची चौपदरी घडी घातली आणि आपल्या कपाटात ठेवली. त्या दुपारी ती हॉलमध्ये गेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. तेच गुडघे सकाळी बाजारात जाऊन आले होते, पण ते बोलून दाखवण्याची माझी छाती झाली नाही.

बायकोची मात्र झाली. तुमच्या त्या चार मीटर कापडावर त्र्याऐंशी घरं बसतात आणि एक बसत नाही का, असं तिने विचारलं. मी शांतपणे सांगितलं की आज जे होतं ते दाखवलं, तर उद्या प्लंबर जे होणार आहे ते दाखवेल. हे खोटं नव्हतं. प्लंबरने आपल्या एकमजली घरावर दुसरा मजला भरून आणला होता. पुढच्या वर्षी चढवणारच आहे, मग पुन्हा उसवाउसवी कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. मी तो नाकारला होता. बायको म्हणाली, "प्लंबरचं पुढचं वर्ष आणि आत्यांची चाळीस वर्षं तुम्ही एकाच पट्टीने मोजता." त्यानंतर घरात माझ्याशी कचेरीतल्यासारखं बोलणं सुरू झालं. चहा ठेवण्यात आला आहे. डबा भरण्यात आला आहे. मी पोचपावती द्यायची तेवढी राहिली होती.

इकडे घरं येत होती. बेकरीवाल्याचं घर चर्चपेक्षा मोठं निघालं. नाकापेक्षा मोती जड. मी टेप घेऊन त्याच्या घरी गेलो, समोरची भिंत मोजली आणि आकडा त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, आकडा बरोबर असेल, पण आमच्याकडे माणसं अकरा आहेत, ती एवढ्याशा घरात मावतील का ते तुम्हीच सांगा. मी टेप गुंडाळली. पलीकडे दोघा भावांचं वाटणी झालेलं घर. थोरल्याने मधली भिंत भरली होती, धाकट्याने भरली नव्हती, आणि भिंतीचा दावा कोर्टात होता. दोघेही माझ्याकडे येऊन पुरावे दाखवत बसायचे. शेवटी फादरांनी तोडगा काढला की भिंत वेगळी शिवायची आणि टिचबटणाने लावायची, म्हणजे निकाल लागेल तसं बघता येईल. नकाशावर टिचबटण. मी त्या दिवशी जेवलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि हळूहळू मला कळलं की मी जे जे नाकारत होतो ते ते शिवणमंडळाच्या मागच्या दाराने कापडावर चढतच होतं. बेकरी पुन्हा फुगली होती. प्लंबरचा मजला चढला होता. मी तावातावाने बायकोला विचारलं की मग आत्याचं घर तेवढं का लावलं नाहीत. ती म्हणाली, "आम्ही दोनदा मागितलं. त्या म्हणाल्या, त्याच्या पाठीमागून नको." म्हणजे सगळ्या वस्तीत सरळ माझ्यासमोर येऊन विचारलं ते एकट्या आत्याने, आणि नियम लागला तो तिलाच. मला फार वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम, असं मी मनाशी म्हटलं. ते म्हणताना आवाज पूर्वीइतका खणखणीत आला नाही, हे कबूल करतो.

मग खिळ्यांचं निघालं. आमचं चर्च जुन्या इमारतींच्या यादीत आहे. त्या यादीतल्या भिंतीला खिळा ठोकायचा तर समितीची परवानगी लागते. आपल्याला चार खिळे हवे होते. फादर घाबरले, मी मात्र खूश झालो, कारण अर्ज हे माझं क्षेत्र. मी इतका देखणा अर्ज केला की विचारू नका. सोबत त्या कापडाची ट्रेसिंग कागदावर प्रत जोडली, प्रमाण लिहिलं, उत्तर दिशेचा बाण काढला आणि सवयीने खाली सही करून हुद्दा टाकला. ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

समितीच्या छापील फॉर्ममध्ये एक रकाना होता, बांधकामाचा प्रकार आणि मजले. मी लिहिलं, लागू नाही. फॉर्म परत आला. रकाना रिकामा चालतो पण ‘लागू नाही’ चालत नाही, आणि रिकामा असला तर फॉर्म अपुरा ठरतो, असं तिथल्या क्लार्कने समजावलं. मग मी प्रामाणिकपणे लिहिलं, घरे त्र्याऐंशी, मजले एक ते तीन, कापडी. आठवड्याच्या आत निरीक्षक आले. चर्चच्या आत त्र्याऐंशी घरं उभी राहिली आहेत, एवढंच त्यांना कळवलं गेलं होतं. हॉलमध्ये टेबलांवर पसरलेलं कापड पाहून त्यांनी टेबलांखालीही वाकून पाहिलं. मग आलोच आहोत तर, म्हणून त्यांनी चष्मा लावला, पाहणी केली आणि प्लंबरच्या घरावर बोट ठेवलं. हा मजला मंजूर आहे का, म्हणाले. प्लंबर तिथेच उभा होता. त्याने शिवणाच्या टेबलावरची कात्री उचलली आणि साहेबांच्या देखत आपला मजला उतरवला. इतक्या तातडीने पाडलेलं बांधकाम मी माझ्या नोकरीत पाहिलेलं नाही. निरीक्षकांनी समाधानाने नोंद केली आणि माझा ट्रेसिंगचा कागद, सही आणि हुद्द्यासकट, खात्री करून घेण्यासाठी माझ्याच कचेरीत पाठवून दिला.

कचेरीत आमच्या साहेबांनी मला आत बोलावलं. कागद त्यांच्यासमोर होता. कुणाच्या आदेशाने वस्तीचा नकाशा तयार केलात, असं त्यांनी विचारलं. मी चर्चचं सांगितलं. त्यांनी बेकरीचा आकार दाखवला. कोर्टात असलेली भिंत दाखवली, आणि तिच्यावरचे ते तीन ठिपके काय आहेत, म्हणून विचारलं. मी म्हटलं, टिचबटणं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला परिस्थिती नीट समजावून दिली. हा नकाशा असेल तर तो विनापरवाना आहे आणि शिवाय चुकीचा आहे, आणि चुकीच्या नकाशावर सही करणाऱ्या आरेखकाचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि हा नकाशा नसेल तर तसं लेखी द्या.

मी विचारलं, नकाशा नाही तर काय आहे म्हणून देऊ?

साहेबांनी स्वतः मजकूर सांगितला. सदर वस्तू नकाशा नसून पांघरूण आहे.

हे वाक्य मी माझ्या वळणदार अक्षरात तीन प्रतींत लिहिलं, एक कचेरीला, एक समितीला आणि एक मला. सव्वीस वर्षांत माझ्या रेघेला कुणी नावं ठेवली नव्हती, आणि आता माझ्याच हाताने मी माझ्या कामाला पांघरूण म्हणत होतो. तिसऱ्या प्रतीवर ओळ वाकडी गेली. साहेब माणूस वाईट नव्हे, त्यांनी पाणी मागवलं. शिक्का मारून माझी प्रत मला दिली आणि समजूत घालण्यासाठी म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नका. पांघरूण म्हटल्यावर आमचा संबंध संपला. त्यात तुम्ही काय वाटेल ते दाखवा."

मी चालत घरी निघालो. बसमध्ये चढलो असतो तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं. मान खाली घालून चालता चालता आमच्या कोपऱ्यावर आलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. सहा मीटर वीस रुंदी, नऊ मीटर चाळीस खोली, दार पूर्वेला. मला सगळं पाठ होतं. अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नव्हतं, एवढंच. सव्वीस वर्षांत सरकारने पहिल्यांदाच मला काय वाटेल ते दाखवण्याची मोकळीक दिली होती, आणि मला काय दाखवायचं आहे ते त्या क्षणी लख्ख कळलं. मागून बसने हॉर्न दिला. ड्रायव्हर जे बोलला ते इथे देत नाही.

घरी जाऊन मी आत्याला साहेबांचा कागद वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, अक्षर छान आलंय. मी म्हटलं, आत्या, ते कापड दे, उद्या शनिवार आहे, बायका लावतील.

तिने कपाट उघडलं, घडी काढली आणि माझ्या हातात दिली. "बायका नाही," ती म्हणाली. "हे घर एकदा मी उभं केलं. आता तू कर."

मी बटणाचा मुद्दा मांडून पाहिला. तिने ऐकून घेतला नाही.

शनिवारी हॉलमध्ये मी सुई घेऊन बसलो आणि बातमी बेकरीपर्यंत गेली. दोरा ओवायलाच इतका वेळ लागला की तोवर बघायला वीस माणसं जमली. सल्ल्यांना तोटा नव्हता. बेकरीवाला म्हणाला, दोरा दुहेरी घ्या. प्लंबर म्हणाला, आधी चारही कोपरे आवळून घ्या, मग गळणार नाही. भावांपैकी थोरल्याने सांगितलेला टाका धाकट्याने खोडून काढला. आत्या तेवढी खुर्चीवर हात बांधून बसली होती. मी कापड मांडीवर ओढलं आणि कुणाकडेही न बघता दार, पायऱ्या, खिडकी असं करत चारही बाजूंनी शिवण घातली. बोटाला सात वेळा सुई लागली. शेवटची गाठ मारून मी दिमाखात उभा राहिलो, आणि माझ्याबरोबर चार मीटर वस्ती उभी राहिली.

घर मी माझ्या पँटीला शिवलं होतं. त्यात भर अशी की बायकोने रस्त्यांसाठी वापरलेलं करडं कापड म्हणजे माझीच दुसरी, कचेरीची पँट होती, हे मला तिथे सगळ्यांसमोर कळलं. दोन्ही पँटी एकमेकींना शिवल्या गेल्या होत्या. सहा बायकांनी मला वीस माणसांसमोर उसवून मोकळं केलं. असे प्रसंग माणसाने डोळे मिटून सोसावेत. मी सोसले आणि पुन्हा बसलो, कारण ते घर लावल्याशिवाय मी तिथून उठणार नव्हतो. दुसऱ्यांदा शिवताना लोक हसले नाहीत. झालं तेव्हा बघितलं तर घर एक बोटभर डावीकडे सरकलं होतं. माझ्या प्रमाणाने एक बोट म्हणजे प्रत्यक्षातले जवळजवळ दोन मीटर. उजेड गेला होता, कापड रविवारी सकाळी लावायचं होतं, आणि मी ते तसंच सोडलं.

खिळ्यांची परवानगी शनिवारीच आली होती. पांघरूण भिंतीवर तात्पुरते वाळत घालण्यास हरकत नाही, असे शब्द होते. रविवारी चर्च गच्च भरलं. डाग नाहीसा झाला आणि त्या जागी आमची सगळी वस्ती आली. प्रार्थना संपल्यावर माणसं धावली ती फक्त आपापल्या घराकडे, दुसऱ्याचं घर कुणी पाहिलंच नाही. फादरांनी आभार मानताना तीन वेळा नकाशा म्हटलं. दुसऱ्या बाकावर आमचे साहेब बसले होते. मी तिन्ही वेळा त्यांच्याकडे बघून हळूच म्हटलं, पांघरूण.

गर्दी ओसरल्यावर आत्या कापडाजवळ गेली. तिने चष्मा पुसला आणि बघत राहिली. निळ्या दाराखालच्या तिन्ही पायऱ्यांवरून तिने एकेक करून बोट फिरवलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आत्या, एक बोट सरकलंय. मला माहीत आहे. मूळ जागा मला पाठ आहे, उद्या उसवून बरोबर लावतो."

"राहू दे," आत्या म्हणाली. "बसला वळायला जागा लागते."

अकरा वर्षं मी तिला जे ऐकवत होतो ते तिने मला एकदाच सांगितलं, आणि मला रडू कोसळलं. भर चर्चमध्ये, साहेबांच्या देखत. माझ्यासारख्या माणसाला ते शोभत नाही, पण त्या वेळी माझं काही चाललं नाही. बाहेरगावच्या एक पाहुण्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी कापडाकडे बोट दाखवून विचारलं की सगळी घरं रस्त्याच्या कडेला आहेत, मग हे एकच रस्त्यात कसं, कुणाचं आहे हे?

आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझं आहे," ती म्हणाली. "माझ्या भाच्याने बांधून दिलं."